विद्यापीठाच्या आवारात ओला कचरा जिरवायला लोकांचा विरोध का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराच्या मधोमध विद्यापीठ, चार वसतिगृहं, दोन मेस, एक कॅन्टीन आणि मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची निवासस्थानं. वर्षभरापूर्वी ओल्या कचऱ्यासाठी एक यंत्र आणि खताचे हौद बसवले. विद्यार्थी सगळा कचरा एकत्रच टाकतात, सफाई कामगार म्हणतात हे आमचं काम नाही, आणि निवासस्थानांतल्या कुटुंबांनी सह्या करून कुलसचिवांकडे वासाची तक्रार दिली आहे. समितीत ठरलं की जनजागृती वाढवायची. ती कशी करावी म्हणजे लोक प्रकल्प स्वीकारतील, असं तुम्ही विचारता.

मी पुण्यात आणि आसपास सोसायट्या, महाविद्यालयं, वसतिगृहं अशा ठिकाणी ओल्या कचऱ्याची व्यवस्था बसवून देतो आणि ती चालते का हे पाहायला पुढेही जात राहतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्याकडे जनजागृतीची उणीव नाही. ओला-सुका वेगळा करावा हे तुमच्या आवारातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुण्यात राहणाऱ्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं नाव ठाऊक असतं. शहराचा कचरा त्या गावांच्या हद्दीत वर्षानुवर्षं पडत राहिला, विहिरींचं पाणी खराब झालं आणि गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. तेव्हा कचरा कुठेतरी जाऊन कुणाचं तरी नुकसान करतो, हे भित्तिपत्रक लावून नव्याने शिकवायची गरज नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. वास कोणाच्या खिडकीत जातो, वाढीव काम कोणाच्या अंगावर पडतं आणि ह्या दोन्ही गोष्टी ठरवताना त्यांना कोणी विचारलं होतं का? तुम्ही लिहिलेल्या तीनही तक्रारी ह्याच प्रश्नाच्या आहेत. लोकांचा विरोध खत करण्याला नसतो. आपल्याला न विचारता आपल्यावर टाकलेल्या भाराला असतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. आवारात मोकळी जागा आणि झाडं असतील तर साधं हवेशीर खत सगळ्यात सोपं. जागाच नसेल, मुंबईतल्या कित्येक महाविद्यालयांसारखी इमारतीला इमारत लागून असेल, तर आवारात जिरवण्याचा हट्ट धरू नका. नीट वेगळा केलेला ओला कचरा महापालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीला किंवा बायोगॅस प्रकल्पाला देणं हेही चांगलं काम आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांना ओला कचरा ‘शक्य तेवढा’ आवारातच जिरवायला सांगितलं, आणि दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा-निर्माते ठरवलं. तेव्हापासून घाईघाईने यंत्रं विकत घेतली गेली. नियमामुळे यंत्र येतं, निविदा निघते, उद्घाटन होतं. पण त्या यंत्राजवळ रोज सकाळी कोण उभं राहणार, हे नियम सांगत नाही.

आधी विद्यार्थ्यांविषयी, कारण समितीचं सगळं लक्ष तिथे असतं. वसतिगृहाच्या खोलीत ओला कचरा होतो तरी किती? केळ्याची साल, उरलेला वडापाव, बाहेरून मागवलेल्या जेवणाचं पार्सल. विद्यापीठातला बहुतेक ओला कचरा चार ठिकाणी तयार होतो: मेसचं स्वयंपाकघर, मेसची ताटं धुण्याची जागा, कॅन्टीन आणि बाग. त्यात निवासस्थानांची स्वयंपाकघरं धरा. म्हणजे हजार-दीड हजार मुलांची सवय बदलायच्या मागे लागण्याआधी मेस आणि कॅन्टीनमधल्या दोन-तीन डझन माणसांची कामाची पद्धत बसवली, तर बहुतेक कचरा मुळातच वेगळा मिळतो. शिवाय मुलं दोन-तीन वर्षांत निघून जातात. दर जुलैत नवी तुकडी येणार आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार. मेसमधली मावशी, भांडी घासणारा, बागेचा माळी, मुकादम ही माणसं टिकून असतात. व्यवस्था त्यांच्यावर उभी करा, विद्यार्थ्यांवर नको.

विद्यार्थ्यांकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो: ताट ठेवताना उरलेलं अन्न एका पिंपात, बाकी सगळं दुसऱ्यात. तिथे सुरुवातीचे काही आठवडे मेसचाच कोणी माणूस उभा राहिला की ते आपोआप होतं. पिंपाशेजारी वजनकाटा ठेवा आणि आज किती किलो अन्न ताटात उरलं हे फळ्यावर लिहा. उपदेशाचं एक वाक्यही लिहू नका, फक्त आकडा. कोणत्या दिवशी कोणती भाजी होती आणि किती उरलं, हे मेस कमिटीलाच दिसायला लागतं आणि पुढचं बोलणं त्यांचं ते करतात. कॅन्टीनमध्ये मात्र कागदी कपांवर लक्ष ठेवा. वरून कागदी दिसले तरी त्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं आणि खताच्या ढिगात ते तुकडे तसेच राहतात. ते ओल्यात येऊ देऊ नका.

आता वासाबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निवासस्थानांचा विश्वास ह्याच एका गोष्टीवर जिंकला किंवा गमावला जातो.

ओल्या कचऱ्याला स्वतःचा असा दुर्गंध नसतो. हवा न मिळता तो सडला की दुर्गंधी येते. मेसचा कचरा म्हणजे भात, वरण, रस्सा, तेल, मीठ, सगळं चिकट आणि पाणीदार. ते हौदात ओतलं की खाली दबून बसतं, मधली हवा निघून जाते आणि दोन दिवसांत कुजका वास सुरू होतो. दुसरं कारण कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) ह्यांचं प्रमाण. खतासाठी नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. शिजलेल्या अन्नात कर्ब साधारण १५ ते २० भागच असतो, म्हणून जास्तीचा नत्र अमोनिया होऊन उडतो आणि नाकात झोंबतो. वाळलेल्या पानांत कर्ब ५० भाग किंवा त्याहूनही जास्त असतो. म्हणजे औषध तुमच्या आवारातच पडलेलं आहे. एक बादली खरकट्याला दीड ते दोन बादल्या वाळका पाला, शक्यतो चुरा केलेला. खाली पाला, मध्ये अन्न, वर पुन्हा पाल्याचा जाड थर, अन्न कुठेही उघडं दिसता कामा नये. माल मुठीत घट्ट दाबला तर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पाला घाला. असं केलं की तीन-चार दिवसांत ढिगाचं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं, माशांच्या अळ्या त्या उष्णतेत टिकत नाहीत आणि वास ओल्या मातीसारखा येऊ लागतो.

अडचण अशी की पाला मिळतो जानेवारी ते एप्रिल आणि सगळ्यात जास्त लागतो जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा सगळंच ओलं असतं. ज्या आवारांत पहिला पावसाळा वासात जातो तिथे प्रकल्प बहुतेकदा दिवाळीपर्यंत बंद पडतो. म्हणून पावसाळ्यासाठी सरपण भरून ठेवावं तसा पाला भरून ठेवायला हवा, पत्र्याच्या शेडखाली, जमिनीपासून वर. तुमच्या आवारात पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, साग असतील तर पाल्याची ददात नाही. आणि इथे एक दुसरा फायदा होतो. पहाटे झाडलोट करणारे लोक पाला पेटवतात, त्याचा धूर वसतिगृहांत जातो, त्यावरही तक्रारी असतात. पेटवायला नियमाने बंदी आहे हे त्यांनाही माहीत असतं. पण मग त्या पाल्याचं करायचं काय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पाला ठेवायला शेड मिळाली की पेटवणं थांबतं. उद्यान विभाग आणि मेस एकमेकांशी जोडले जातात ते इथेच. तुमच्या समितीत उद्यान विभागाचा माणूस नसेल तर उद्याच घ्या.

तुमच्या यंत्राबद्दल स्पष्ट लिहितो. चोवीस तासांत खत देणारी म्हणून जी यंत्रं विकली जातात, त्यांतली बरीच अन्न तापवून, घुसळून, वाळवून भुकटी करतात. ती भुकटी म्हणजे वाळलेलं अन्न. ती कुंडीत घातली आणि पाणी पडलं की पुन्हा फुगते, बुरशी येते, वास मारते, आणि ज्या कुटुंबाने हौसेने ‘विद्यापीठाचं खत’ नेलं ते पुन्हा कधी नेत नाही. शिवाय विजेचं बिल वेगळं. यंत्र घेतलंच आहे तर फेकू नका. त्यातून निघालेली भुकटी पाल्याबरोबर हौदात घालून तीन-चार आठवडे मुरू द्या, मग चाळा. घनफळ कमी करायला ते उपयोगी आहे. त्याला खताचा कारखाना समजू नका.

बायोगॅसचं कोणी सुचवलं असेल तर एवढंच लक्षात घ्या: विद्यापीठाला दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी असते. मेस बंद झाली की टाकीतल्या जिवाणूंची उपासमार होते, आणि सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण कचरा ओतला की टाकी आंबते. हळूहळू वाढवत नेणारा जाणता माणूस असेल तरच त्या वाटेला जा. खताचा ढीग मात्र महिनाभर तसाच राहिला तरी बिघडत नाही.

जागेबद्दल एक गोष्ट नकाशात दिसत नाही. वासाच्या तक्रारी रात्री आणि पहाटे येतात, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचून राहते. ढीग पलटायचं काम सकाळी सातला करू नका. अकरा ते तीनच्या दरम्यान करा, हवा तापून वर जात असते आणि निवासस्थानांतली बरीचशी माणसं कामावर असतात. हौदांवर छप्पर हवं, खाली पाझरणारं काळं पाणी साठवायला खड्डा हवा, ते गटारात जाऊ देऊ नका. पातळ करून पुन्हा ढिगावरच शिंपडता येतं. चारही बाजूंनी बारीक जाळी लावली नाही तर घुशी आणि कुत्री येतात, आणि घूस दिसली की तुमचे सगळे आकडे व्यर्थ जातात.

आता सफाई कामगार. ‘हे आमचं काम नाही’ हे वाक्य आळसाचं आहे असं समितीत कोणी म्हटलं असेल, तर कृपया ते तिथल्या तिथे थांबवा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कंत्राटात झाडणं, उचलणं, गाडीत टाकणं लिहिलेलं असतं. पिंपात हात घालून प्लास्टिक वेगळं काढणं, हौद भरणं, पलटणं हे नवं काम आहे. त्याला वेळ लागतो, साधनं लागतात, पैसे लागतात. तुमच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात सॅनिटरी पॅड आणि डायपर येत असतील तर कोणताही माणूस नकारच देईल, आणि द्यायलाच हवा. पहिली दुरुस्ती तिथे करा. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर त्यासाठी वेगळा झाकणाचा डबा ठेवा आणि कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची पद्धत लावा. पुण्यात कचरावेचक महिलांनी ही लाल ठिपक्याची मागणी लावून धरली, ती त्यांच्या हातांच्या सुरक्षेसाठी. मुलींच्या वसतिगृहात हे रेक्टर बाईंनी स्वतः सांगितलं की पटकन रुजतं.

आपल्याकडे कचऱ्याचं काम जातीशी बांधलेलं आहे, हे बाजूला ठेवून स्वीकाराची चर्चा करता येत नाही. प्राध्यापक खत करण्याबद्दल उत्साहाने बोलतात, आणि हौदाशी उभी राहतात ती पिढ्यान्‌पिढ्या हेच काम वाट्याला आलेल्या घरांतली माणसं. ती हा उत्साह शांतपणे बघत असतात. म्हणून मी काम सुरू करण्याआधी मुकादम आणि कामगारांबरोबर वेगळी बैठक घेतो, अधिकाऱ्यांशिवाय. हौदाची उंची किती असावी, फावडं कुठलं हवं, पाणी कुठून येईल, हात-पाय धुवायची आणि कपडे बदलायची जागा कुठे, हे त्यांनाच विचारतो. कंबरेपेक्षा उंच हौदात रोज बादली उचलून ओतायची असेल तर महिन्याभरात पाठ दुखते आणि मग ओला कचरा गुपचूप गाडीत जातो. ह्या कामासाठी नेमलेली माणसं, त्याचा वेगळा मोबदला, हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन ह्या गोष्टी कंत्राटात लिहून घ्या. तोंडी आश्वासन चालत नाही.

विद्यापीठाने ह्या माणसांकडे नीट पाहिलं तर काय होऊ शकतं, ह्याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून कार्यकर्ते कचरावेचक महिलांपर्यंत पोचले. साक्षरतेइतकाच त्यांच्या कामाचा आणि ओळखीचा प्रश्न मोठा आहे हे लक्षात आलं, आणि १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव ह्यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. तुमच्या आवारात सुका कचरा कोण वेचतं हे पाहा. त्यांना बाजूला सारून नवा ठेकेदार आणू नका. हौद चालवण्याचं काम आधी त्यांना देऊ करा.

‘कमवा व शिका’ योजनेतल्या मुलांना ह्या कामावर लावावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला जी प्रतिष्ठा दिली तिचा दाखला ह्यासाठी दिला जातो. माझं मत असं आहे: कचरा हाताळायला ह्या मुलांना लावू नका. ती गरीब घरातून आलेली असतात, आणि वर्गातली बाकीची मुलं त्यांना पिंपाशी उभं राहिलेलं पाहतात. श्रमाची प्रतिष्ठा सगळ्यांनी मिळून श्रम केला तर वाढते. फक्त गरजू मुलांना तो वाटून दिला तर ती वाढत नाही. त्यांना वजनाची नोंद, तापमान मोजणं, खत चाळून पिशव्या भरणं, रोपवाटिका आणि विक्रीचा हिशेब द्या. प्राध्यापकांची आणि विद्यार्थी प्रतिनिधींची हौदावर आळीपाळीने पाळी लागणार असेल, तर त्यात तीही मुलं असोत.

मेसच्या कंत्राटदाराशी बोलताना एक गोष्ट आधी शोधून काढा: आत्ता खरकटं कोण नेतं? बऱ्याच वसतिगृहांतून ते डुकरं किंवा गुरं पाळणारे नेतात, कधी थोडे पैसे देऊन, कधी फुकट. ती जुनी व्यवस्था न विचारता मोडली तर कंत्राटदार तुमच्या विरोधात जातो आणि तुम्हाला कारणही कळत नाही. ती चालू ठेवायची की बदलायची हे त्या माणसाला समोर बसवून ठरवा. भाज्यांची देठं-सालं तुम्हाला, शिजलेलं अन्न त्याला, अशी वाटणी मी काही ठिकाणी केलेली आहे. त्यात खताचं कामही सोपं होतं, कारण तेल-मीठ कमी येतं.

आता निवासस्थानांच्या सह्यांचं पत्र. त्याला उत्तर म्हणून जनजागृती शिबिराचं आमंत्रण पाठवू नका. त्यांनी वासाची तक्रार केली आहे, त्यांना अज्ञानी ठरवल्यासारखं होईल. माझा सल्ला असा: नवा माल पंधरा दिवस घेऊ नका, हौदातला सगळा माल पाल्यात मिसळून मोकळा करा, काळं पाणी काढा, जाळी लावा. त्या पंधरा दिवसांत मेसचा कचरा महापालिकेच्या गाडीला द्या. मग एकाच मेसपासून पुन्हा सुरुवात करा आणि दुसरी मेस किमान एक पावसाळा काढल्याशिवाय जोडू नका. यंत्र, हौद आणि पाला ह्यांपैकी मर्यादा बहुतेकदा पाल्याची असते. साठा संपत आला की तेवढ्या दिवसांसाठी कचरा कमी घ्या.

आणि पत्राच्या उत्तरात तीन गोष्टी लेखी द्या. एक, हौदाशी जबाबदार असलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर, आणि तक्रार आली की त्याच दिवशी कोणीतरी येऊन पाहील ही हमी. दोन, निवासस्थानांनी निवडलेल्या दोन व्यक्तींना हौदांची नोंदवही कधीही पाहण्याचा आणि वास असह्य झाला तर नवा माल घेणं थांबवायला सांगण्याचा अधिकार. हा अधिकार द्यायला प्रशासन कचरतं, पण तो हातात आला की लोक सहसा वापरत नाहीत, उलट पाला कमी पडतोय म्हणून स्वतः फोन करतात. तीन, पुढच्या पावसाळ्यानंतरही वास आटोक्यात आला नाही तर हौद दुसरीकडे हलवले जातील, आणि ती दुसरी जागा कोणती हे आत्ताच स्थावर विभागाकडून ठरवून त्या पत्रात लिहा. पत्रावर समितीची सही पुरणार नाही, कुलसचिवांची घ्या. ते निवासस्थानांच्या पत्त्यावर टपालाने न पाठवता तुम्ही आणि मुकादम दोघांनी जाऊन द्या, संध्याकाळी, लोक घरी असताना, आणि जाताना नीट मुरलेल्या खताची एक पिशवी घेऊन जा. ती उघडून वास घेऊ द्या.